कुठं काचतंय?

आमच्या मॅडम कुडता उलटा घालायच्या. चुकून नाही, ठरवून. शिलाई बाहेर, दोऱ्यांची टोकं बाहेर, खिशाची पिशवी कमरेशी लोंबतेय आणि बाई निवांत. लातूरच्या बसस्टँडवर, किराणा दुकानात, ऑटोत, दर दोन दिवसांनी कुणीतरी भली बाई जवळ सरकून कानात सांगायची, "ताई, उलटा घातलाय बघा." मॅडम तितक्याच हळू म्हणायच्या, "हाव, माहीत आहे. तुमचा सुलटा आहे ना? खांद्याला काचत नाही का?" त्या बाईचा हात आपोआप खांद्याकडे जायचा. निम्म्याजणींना खरंच काचत असायचं, फक्त तोवर कुणी विचारलेलं नसायचं.

"गुळगुळीत बाजू लोकांना दाखवायची आणि खरबरीत बाजू आपल्या अंगाला लावायची, हा कुठला न्याय?" असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, आणि तरी मी कुडता सुलटाच घालते. तेवढं धैर्य नाही.

मी त्यांच्या हाती लागले ती एका जिन्यामुळे. त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे क्लासेस होते आणि दुसऱ्यावर फॅशन डिझायनिंगचं कॉलेज. पहिल्या मजल्यावर मी दोन वर्षं काढली आणि दोन्हीदा आपटले. माझे बाबा सरकारी कचेरीतले, फार बोलणारे नव्हेत. दुसऱ्या निकालाच्या दिवशी एवढंच म्हणाले, "जिना तर पाठ झालाय, अजून एक मजला चढून बघ." चढले. वर चार शिलाई मशिनी, कापायचं एक लांब टेबल, मुंडकं नसलेला एक पुतळा आणि उलट्या कुडत्यातल्या मॅडम.

त्यांच्याकडे सस्टेनेबल फॅशन हा विषय होता. पुण्याच्या कॉलेजांत तो आला म्हणून आमच्याकडे आला, आणि बाकी कुणाला नको होता म्हणून मॅडमकडे आला. आम्हाला वाटलं, आता पृथ्वी आणि प्रदूषणाचे तक्ते रंगवावे लागणार. मॅडम वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. अंगावरचा कपडा कुठं कुठं लागून राहिला ते बघा." त्या मूळच्या इस्लापूरच्या, किनवटकडच्या, त्यामुळे 'लागून राहिला', 'करून राहिली' कायम तोंडात. आमच्या लातुरी कानांना त्याची गंमत वाटायची, मागे नकला चालायच्या. त्या दिवशी अर्धा तास आम्ही डोळे मिटून बसलो. आधी हसू आलं, मग झोप आली, आणि मग मला कळलं की माझ्या सलवारीची नाडी डाव्या कुशीला जरा जास्तच घट्ट आहे. वर्षानुवर्षं तशीच असणार. मी उजवीकडे झुकून का बसते, असं आई लहानपणापासून विचारत होती.

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: काचतं, रुततं, टोचतं, खुपतं, बोचतं, घासतं, चिकटतं, ओढतं. "आजी-पणजीनं एवढे शब्द करून ठेवले आणि तुम्ही दुकानातून बाहेर येऊन काय सांगता? कम्फर्टेबल नाहीये! अगं, काचतं का रुततं? दोन्हीचं औषध वेगळं आहे." आम्हाला रोज एक वही लिहावी लागायची. आज काय घातलं, कुठं काचलं, किती वाजता काचायचं थांबलं. आमच्यातल्या एकीनं लिहिलं की तिची जीन्स फक्त परीक्षेच्या दिवशी पोटाला रुतते. आम्ही खो खो हसलो. मॅडमनी मात्र त्या ओळीखाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं, 'उत्तम.'

विक्षिप्त म्हणावं तर किती गोष्टी सांगू. मानेला टोचणारी लेबलं त्या कापून घ्यायच्या, आपलीच नव्हे, दिसेल त्याची, आणि बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात साठवायच्या. कपाटात ब्लेडपेक्षा जास्त जपून तो डबा. वार्षिक शोला एक पुढारी पाहुणे आले होते. एप्रिलचं ऊन, हॉलमधला पंखा बंद, आणि साहेब बंद गळ्याच्या कोटात. मॅडमनी त्यांना शाल घालायची होती. त्या शाल घेऊन स्टेजवर गेल्या, साहेबांच्या गळ्याकडे बघत राहिल्या, शाल प्राचार्यांच्या हातात दिली, आणि पर्समधून बारकी कात्री काढून साहेबांच्या कॉलरमागे हात घातला. अंगरक्षक पुढे सरकला. मॅडमनी लेबल कापलं, मुठीत धरलं आणि नमस्कार करून खाली उतरल्या. साहेबांनी मानेवरून हात फिरवला, आणि माइक चालू आहे हे विसरून म्हणाले, "आयला, लई बरं वाटलं." प्राचार्यांचा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

धुण्याबद्दलही त्यांचे नियम होते. लातुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, त्यात टँकरचे दिवस आमच्या सगळ्यांच्या घरांनी पाहिलेले. "आधी वास घ्या, मग बादली भरा," त्या म्हणायच्या. निम्मे कपडे नुसते उन्हात टांगून सुधारतात, हे त्यांनी आम्हाला करून दाखवलं. आमच्यातल्या कुणाचीही ओढणी नाकाला लावून त्या आदल्या रात्रीचं जेवण सांगायच्या. "काल अंबाडीची भाजी. आणि लसणाला हात सैल." खरं निघायचं. टेरिकॉट घामाचा वास धरून ठेवतं, सुती सोडून देतं, असं त्या शिकवायच्या तेव्हा आम्ही वाट बघायचो की आता पुढे 'माणसंही अशीच असतात' येणार. कधीच आलं नाही. त्यांना माणसांवर बोलायचं नसायचंच, कपड्यातच खरा रस होता.

आता त्या इस्लापूरला भावाकडे असतात. मी नांदेडला शेतात काम करणाऱ्या बायांसाठी पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवते, दोन मशिनी आहेत. महिन्यातून एकदा फोन होतो. 'कशी आहेस' वगैरे नाही, थेट "कुठं काचतंय?" मी सांगते. कधी कपड्याचं सांगते, कधी दुसरंच. त्या दोन्ही सारख्याच लक्ष देऊन ऐकतात.

तर, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचं एक वाक्य कायम लिहिलेलं असायचं: 'जे अंगाला काचतं ते उकिरड्यावर जातं, जे काचत नाही ते टिकतं.' त्यांचा सगळा विषय त्या एका ओळीत होता. टाकून दिलेल्या कपड्यांचे डोंगर कशामुळे झाले, तर ते शिवताना अंगाला कुणी विचारलं नाही म्हणून. पुसणाऱ्यानं चुकून पुसलं तर त्या पुन्हा लिहायच्या. आमच्या दुसऱ्या वर्षी, सोयाबीनच्या काढणीपासून, त्यांनी ते लिहिणं बंद केलं. त्याला कारण मी आहे.

सोयाबीन काढणं ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल. वाळलेल्या शेंगांची टोकं हाताला ओरबाडतात, त्यांच्यावरची बारीक लव, कूस, अंगाला खाजते. म्हणून बाया लुगड्यावर, साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला फडकं गुंडाळून, विळा घेऊन आपापली पात, म्हणजे झाडांची ओळ, धरतात. कुणी डिझाइन केलेलं नाही, कुणी शिकवलेलं नाही, पण आमच्या सगळ्या भागात हाच गणवेश. मॅडम त्यावर फिदा होत्या. "याच्यापेक्षा शहाणा कपडा मला दाखवा," म्हणायच्या. आमचा वर्षाचा प्रकल्प त्यांनी त्यावरच ठेवला. चाकूरजवळच्या एका गावात त्या आम्हा चौघींना घेऊन गेल्या आणि तिथल्या बायांकडून चार शर्ट आठ दिवसांसाठी मागून घेतले.

माझ्या वाट्याला आला तो तिथल्या काढणीच्या टोळीच्या पुढारीण बाईचा. सगळ्या तिला अक्का म्हणत. पन्नाशीची, उंच, आवाज या बांधावरून त्या बांधाला जाणारा. शर्ट द्यायला ती तयार नव्हती. "मालकाचा हाय," ती म्हणाली. "मालक गेले तीन सालं झाली. त्येंचं बाकी समदं वाटून टाकलं, ह्यो येक ऱ्हायला. ह्याच्याबिगर मी सोयाबीनला हात लावत न्हाई." मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले आणि शब्द दिला की काढणी सुरू व्हायच्या सकाळी शर्ट इथं असेल, आहे तसा. त्या शब्दावर तिनं दिला.

एसटीतच मॅडमनी तो मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि बोटं फिरवायला लागल्या. आकाशी रंगाचा, बारीक रेघांचा टेरिकॉटचा शर्ट. "उजवा खांदा बघ कसा विरलाय. पोती वाहायचा हा माणूस." अक्कांचे मालक डाळ मिलमध्ये हमाल होते, हे आम्हाला नंतर कळलं. "आणि डावी बाही मनगटापासून कोपरापर्यंत. ही अक्कांची. डाव्या हातात झाड धरतात, उजव्या हातानं विळा मारतात." मग म्हणाल्या, "एका शर्टात दोघं जण नांदून राहिले." त्यांनी तो माझ्या हाती देताना बजावलं, "हातानं वाच, नाकानं वाच. उसवायचा नाही. धुवायचा नाही."

आता माझी बाजू ऐका. मला मार्क हवे होते. दोनदा नापास झालेल्या माणसाला मार्कांची भूक असते, ती पास झालेल्यांना कळायची नाही. कापड बेतायला शिकवणारे पॅटर्नचे सर सांगायचे की जुना कपडा टाका न् टाका उसवून कागदावर मांडल्याशिवाय त्याचा आकार कळत नाही. बाकी तिघी डोळे मिटून वास घेत बसल्या होत्या. मी घरी दार लावून अर्ध्या ब्लेडनं शर्ट उसवला. बाह्या, मुंढे, कॉलर, सगळं. आणि उजव्या मुंढ्याशी, काखेत, मला ती गाठ सापडली. पोतं उचलताना कधीतरी तिथं टरकलं असणार. मालकांनी मिलमधल्या पोती शिवायच्या जाड दोऱ्यानं ते स्वतःच्या हातानं शिवलं होतं. टाके वेडेवाकडे, कापड गोळा झालेलं आणि शेवटी हरभऱ्याएवढी टणक गाठ. मी ती स्वतःच्या काखेत धरून पाहिली. भयंकर काचत होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मॅडमचं फळ्यावरचं वाक्य माझ्या हातात होतं. मी गाठ कापली, दोरा ओढून काढला, तिथं मऊ सुती कापडाचा सपाट तुकडा लावला, नव्या दोऱ्यानं सगळा शर्ट मशीनवर शिवला, सुगंधी पावडरीत धुतला आणि कडक इस्त्री केली. नियम मोडला होता, पण निकाल बघून मॅडम खूश होतील अशी माझी खात्री होती.

काढणीच्या आदल्या सकाळी मी तो घडी करून त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी तो उचलून नाकाला लावला. मग काखेत बोट घातलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा नुसता उतरला.

"गाठीचा दोरा कुठंय?"

"कचऱ्यात."

त्या तशाच उठल्या. मी पुढे, त्या मागे, ऑटोनं आमच्या घरी. आईनं दार उघडलं आणि उलटा कुडता बघून काही बोलणार, तेवढ्यात मॅडम स्वयंपाकघरात शिरून कचऱ्याच्या डब्यासमोर खाली बसल्या होत्या. डबा रिकामा होता. घंटागाडी आदल्या दिवशीच येऊन गेली होती. आईनं घाबरून विचारलं, "सोन्याचं काही होतं का हो त्यात?" मॅडम म्हणाल्या, "नाही हो. दोरा होता." आणि तिथंच फरशीवर बसून राहिल्या. आईनं काही न सुचून चहा टाकला.

दिवसभर त्यांनी माझी मशीनची शिलाई हातानं उसवली आणि जुन्या सुईच्या भोकांतून पुन्हा हातशिलाई घातली. टेरिकॉटमध्ये भोकं राहतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला त्यांनी फक्त सुईत दोरा ओवून द्यायचं काम दिलं. काखेतला माझा मऊ तुकडा काढून टाकला आणि तिथली चार बोटं जागा तशीच उघडी ठेवली. "इथं का नाही शिवत?" मी विचारलं. "ही शिलाई माझी नाही," एवढंच म्हणाल्या. वास मात्र काही केल्या जाईना. शिलाई सोडून मधे तासभर उन्हात टांगला तरी शर्टाला पावडरीच्या फुलांचाच वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पहिल्या एसटीनं चाकूरला आणि तिथून ऑटोनं गावात. वावरात बाया जमल्या होत्या, बाकी तिघींचे शर्ट आदल्या दिवशीच पोचले होते. अक्का एकटी नुसत्या साडीवर बांधाला बसली होती, विळा मांडीवर. आज हिनं हा शर्ट आपला म्हटलाच नाही तर? ही वावरात उतरली नाही तर? मॅडमनी शर्ट पुढे केला. अक्कानं तो घेतला, तोंडाजवळ नेला आणि लगेच लांब धरला.

"ह्यो कुनाचा हाय?"

"तुमचाच आहे अक्का," मॅडम म्हणाल्या. "मी शब्द पाळला नाही. माझ्या पोरीनं उसवला. आणि मी शिकवलं म्हणून उसवला, तर चूक तिची एकटीची नाही."

अक्कानं शर्ट मांडीवर पसरला. खांदा चाचपला, डावी बाही चाचपली. मग तिचा हात काखेत गेला आणि बोटं उघड्या जागेतून आरपार बाहेर आली.

"गाठ?"

"मी काढली," मी म्हटलं. "तुम्हाला काचत असेल म्हणून."

"काचायचीच की." ती माझ्याकडे बघतच राहिली. मॅडमनी पर्समधून सुई आणि पोत्याचा दोरा काढला. तो त्यांनी आदल्या संध्याकाळी डाळ मिलवरच्या एका हमालाकडून मागून आणला होता. अक्कानं दोरा बोटाला गुंडाळून पाहिला आणि परत दिला.

"मला न्हाई जमायचं तसं. मला शिवाया येतंय. त्येला येत न्हवतं, म्हनून ती तशी झाली." मग ती हसल्यासारखं करून म्हणाली, "दिसभर काचायची बघा काखंत. दर पातीला मी म्हनायचे, येत न्हवतं तर कशाला सुई धरलीस रं मुडद्या? दिसभर शिव्या द्यायचे त्येला. आता कुनाला देऊ?"

बाया विळे खाली करून उभ्या होत्या. मॅडम मान खाली घालून स्वतःच्या कुडत्याची बाहेरची शिलाई चिमटीत धरून बसल्या. मला रडू आवरेना, आणि एवढ्या सगळ्यांत मीच रडतेय याची लाजही वाटत होती.

अक्कानं पदराची सेफ्टी पिन काढली, काखेतली उघडी जागा गोळा केली आणि तिला पिन मारली. शर्ट अंगात घातला, बटणं लावली, हात वर-खाली करून पाहिला. पिन कुठंतरी लागली असणार, कारण तिनं तोंड वाकडं केलं.

"नाव काय गं तुझं?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं.

"पुरं सांग, आडनावासकट. अर्ध्या नावाला शिवी बसत न्हाई."

मी पुरं सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि आपल्या पातीत जाऊन बसली. बाकी बायांनी पाती धरल्या. मग तिकडून तो बांध ओलांडणारा आवाज आला. माझं नाव, माझं आडनाव, माझे हात झडण्याबद्दल काही, माझ्या शाळेबद्दल काही, आणि चांगली गाठ कापायला मला कुणी सांगितलं होतं असा प्रश्न. बाया हसायला लागल्या. मी कानकोंडी होऊन उठले आणि रस्त्याच्या दिशेनं निघाले.

मॅडमनी माझं मनगट धरलं. "कुठं जाऊन राहिली? बस. तुलाच देऊन राहिली ती."

बसले. भाकरीची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी बांधावर बसून होतो. मधेच अक्का गप्प झाली की मला धाकधूक व्हायची. मग पिन टोचायची, आणि माझं नाव पुन्हा ऐकू यायचं.